अर्जाला जोडलेली वडी

शोभा,

तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी ऑफिसातून फोन आला. कंपनीच्या मासिकात तुझ्यावर अर्धं पान द्यायचं ठरलं होतं आणि ते मीच लिहावं अशी साहेबांची इच्छा होती. फोटो त्यांच्याकडे होताच. वड्या वाळवायच्या ड्रायरसमोर तू उभी आहेस, हातात वड्यांचं ताट, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे तू फोटोवाल्याला लवकर कटवण्यासाठी आणायचीस. मी तासाभरात अर्धं पान लिहून पाठवलं. त्यात 'प्रेरणास्थान' आहे, 'कधीही भरून न निघणारी पोकळी' आहे, 'आमच्या परिवारातील एक सदस्य' पण आहे. हे शेवटचं वाचून तू मला बदडलं असतंस.

मला असं लिहायला वेळ लागत नाही, हे तुला ठाऊक आहे. लोखंडाच्या कारखान्याच्या सीएसआर विभागात बसून मी गेली कित्येक वर्षं हेच करते. कारखाना आजूबाजूच्या गावांसाठी जे करतो ते शब्दांत आणि फोटोत बसवायचं, आणि जे गावांचं करतो ते बाहेर ठेवायचं. ते अर्धं पान छापून येईल, तुझी भाची कापून फाईलला लावेल. हे जे आत्ता लिहिते आहे ते कुणी छापणार नाही. आणि खरं म्हणजे हे लिहायचं नव्हतंच, तुझ्यासमोर बसून बोलायचं होतं. ते मला जमलं नाही म्हणून आता कागद काळे करते आहे.

आपण भेटलो तेव्हा छत्तीसगढ राज्य नवीन होतं. रायपूर राजधानी झालं होतं आणि शहराला स्वतःलाच ते अजून खरं वाटत नव्हतं. कालपर्यंत जिथे दवाखाना होता तिथे आज कुठल्या तरी खात्याची पाटी, आणि पाटीचा रंग अजून ओला. आपल्याला घरोघरी फिरून माहिती भरायचं हंगामी काम मिळालं होतं. यादीत दोनच मराठी नावं दिसली म्हणून वरच्या बाबूनं आपली जोडी लावली. "दोनों मराठी हैं, साथ में भेज दो." त्याला काय माहीत, की मराठी मराठीत केवढं अंतर असतं. तू रेल्वे कॉलनीतली, वडील रेल्वेत, घरात बुद्धाची मूर्ती. मी बूढ़ापाऱ्यातली, तलावाजवळ एका दुकानावरच्या दोन खोल्यांतली, वडील सरकारी कचेरीत आणि घरात आईचं सोवळं.

तू पहिल्यांदा घरी आलीस तो दिवस आपण पुन्हा कधी काढला नाही, म्हणजे मी काढला नाही. आईनं आम्हा सगळ्यांना कपात चहा दिला आणि तुला स्टीलच्या ग्लासात. मला दिसलं. मी खाली मान घालून बिस्किट बुडवत राहिले. तू चहा संपवलास, मोरीत जाऊन ग्लास घासलास आणि आमच्या कपांच्या रांगेत, अगदी मधोमध, पालथा घालून आलीस. परत जाताना तुझ्या लूनावर मागे बसून मी म्हटलं, "आई जुन्या वळणाची आहे गं." तू रस्त्यावरची नजर न हलवता म्हणालीस, "तुही आई तं जुनी हाये. तू काहून खाली पाहून राहिली होती?"

तुला उत्तर हवं होतं असं मला वाटलं नाही, कारण पुढच्या वळणावर तू कचोरीसाठी गाडी थांबवलीस. तुझं हे असंच. बोलायचं ते बोलून मोकळी व्हायचीस आणि समोरच्याला ते आयुष्यभर पुरायचं.

त्या कामातच डुमरपारा लागला. कारखान्याच्या भिंतीला चिकटलेली वस्ती, पुढे ज्या कारखान्यात मला नोकरी लागली तोच हा. थंडीचे दिवस होते आणि प्रत्येक घराच्या छतावर बायका रखियाच्या वड्या घालत होत्या. रखिया म्हणजे आपला कोहळा. उडदाची डाळ भिजवून, सालं काढून वाटायची, त्यात किसलेला कोहळा घालून पहाटे हातानं फेटायची, आणि चिमूटभर पीठ पाण्यात टाकलं की ते तरंगायला हवं. त्यांतल्या एकीनं, बिसाहिननं, तुला फेटायला बसवलं. तुझं पीठ काही केल्या तरंगेना, आणि सगळ्या जणी तुला हसल्या. मला वाटतं, तू त्या गावात अडकलीस ती त्याच सकाळी.

हंगामी काम संपल्यावर मी कारखान्यात लागले आणि तू लागलेली नोकरी सोडून डुमरपाऱ्यात वड्यांचा गट काढलास. पहिल्याच हंगामात तू जो घोळ घातलास तो आठवून मी परवा, सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेले असताना, एकटीच हसले. त्या भागात बाई अख्खा कोहळा कापत नाही. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बायका पुढचं सगळं करणार. कोहळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, त्याच्यावर बाईनं सुरी कशी चालवायची? तुला हे कळलं आणि तुझं डोकं फिरलं. तू विळा घेतलास, सगळ्यांच्या देखत एका घावात कोहळ्याचे दोन तुकडे केलेस आणि म्हणालीस, "देखो, कुछ हुआ?" काही झालं नाही. फक्त त्या कोहळ्याला कुणी हात लावला नाही. तो सगळा तू लूनावर घालून घरी नेलास आणि आठवडाभर तुझ्याकडे नि माझ्याकडे कोहळ्याचीच भाजी. पुढच्या खेपेला तू मुकाट्यानं बिसाहिनच्या नवऱ्याला, दुकालूला, हाक मारलीस. "गलत हाये ते हायेच," मला म्हणालीस, "पण मी तिथं कोहळ्याशी भांडाले नाही गेली."

भांडायचं होतं ते काळ्या धुळीशी. रायपुरात ती कुणाला नवी नाही. आता राहते त्या समता कॉलनीत माझ्या गच्चीवर सकाळी झाडलं तरी संध्याकाळी तळपाय काळे होतात. डुमरपाऱ्यात तर ती दिसायची तशी उतरायची. पांढऱ्या धोतरावर घातलेल्या वड्या दुपारपर्यंत राखाडी आणि दुसऱ्या दिवशी काळ्या. बायका एकेक वडी मऊ फडक्यानं पुसायच्या. दुकानदार पिशव्या परत पाठवायचे. आणि मग तू अर्ज लिहायला लागलीस.

तुझ्यासारखे अर्ज मी आजवर पाहिले नाहीत. खाली 'सोबत जोडले आहे' असं लिहून त्यापुढे 'वडी, एक नग'. आणि खरोखरच प्लास्टिकच्या चिमुकल्या पुडीत एक काळी वडी घालून ती अर्जाला स्टेपल केलेली. प्रदूषणाच्या कचेरीत कारकुनानं पुडी उचलून विचारलं, "मैडम, ये क्या है?" तू म्हणालीस, "नाश्ता नहीं है भैया, सबूत है." तो अर्ज टेबलं फिरत फिरत, 'योग्य कारवाईसाठी' म्हणून आमच्या कंपनीत आला आणि माझ्या पुढ्यात पडला. वडी तोवर फुटून तिचा चुरा झाला होता. मी आधी हसले, मग तुझी सही पाहिली. एका वर्षात तसे किती अर्ज आले ते मी मोजले नाहीत, पण साहेब त्रासले होते. धूळ नाकारता येते. कागदावर आकडे असतील तर त्यांच्याविरुद्ध दुसरे आकडे आणता येतात. टाचलेल्या वडीचं काय करायचं, ते कुणाला कळत नव्हतं.

ते मला कळलं. मला, शोभा. सौर ड्रायरची कल्पना माझी होती. काचेखाली वड्या वाळतील, धूळ लागणार नाही, बायकांचं काम वाढेल, कंपनीचं नाव होईल. मी हे सगळं मनापासून मांडलं होतं, यावर तू शेवटपर्यंत विश्वास ठेवलास. भांडण झालं ते जागेवरून. तेलीबांध्याला आमच्या ऑफिसपाशी, तलावाच्या कठड्यावर बसून आपण किती दिवस भांडलो. तू म्हणत होतीस, ड्रायर गावात बसवा, पंचायतीच्या छतावर. मी म्हणत होते, कारखान्याच्या गेटच्या आत बसवू, तिथे राखण आहे, पाणी आहे, वीज आहे, काही बिघडलं तर आमचे मिस्त्री आहेत. एक मी सांगितलं नाही. गेस्ट हाऊसमधून पाहुण्यांना प्लँट दाखवायला नेतात त्या रस्त्यावर हे ड्रायरचं केंद्र बरोबर येणार होतं.

"मंदे, भिंतीच्या आत गेलो तं दार तुमच्या हातात ऱ्हाईल," तू म्हणालीस.

"दारावर मी आहे ना."

तू कठड्यावरून उठून लूनाची किल्ली काढलीस. मग म्हणालीस, "ठीक हाये. तुह्या भरवशावर."

मी त्या दिवशी खुशीत घरी गेले. मला वाटलं, मी जिंकले.

सुरुवातीची वर्षं चांगली होती, हे मला लिहू दे. ती खोटी नव्हती. वड्या दुधासारख्या पांढऱ्या निघायच्या. भिलाई-बिलासपूरची दुकानं मागून घेऊ लागली. दिवाळीला कंपनीतल्या प्रत्येकाच्या घरी त्याच वड्यांचा डबा जायचा. बिसाहिननं मुलीला नर्सिंगला घातलं. ज्या बायका नवऱ्यापुढे तोंड उघडत नव्हत्या त्या नागपूरच्या मेळ्यात स्टॉलवर गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होत्या आणि तू मागे खुर्चीवर बसून चक्क पेंगत होतीस. एकदा तू मला म्हणालीस, "साहेबीण, तुही गोष्ट ऐकली ते बरंच झालं म्हणायचं." तुझ्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. मी ते वाक्य किती जपलं होतं, तुला कल्पना नाही.

मग दुकालूचा पास अडला. गेटचे पास फक्त गटातल्या बायकांचे, पुरुषांना आत सोडेनासे झाले. कोहळा कापायला दुकालूला घटकाभर सोडा, एवढंच तू मागत होतीस. मी दोनदा चिठ्ठी पाठवली, दोनदा परत आली. शेवटी गेटवरच्या सिक्युरिटी गार्डला बोलावून पहिला घाव घालून घ्यायची पद्धत पडली. त्याला ती मोठी गंमत वाटायची. तू मला फोन केलास. ओरडली नाहीस. "आता आमचा कोहळा कापालेही तुमचाच माणूस," एवढं म्हणून ठेवून दिलास.

आणि त्याच हिवाळ्यात तुझ्या लक्षात आलं की तुझ्याकडे अर्जाला जोडायला वडी नाही. धूळ तेवढीच पडत होती, कदाचित जास्त. छतं काळी, तुळस काळी, दाराबाहेर खेळणाऱ्या पोट्ट्यांचे कान काळे. पण वड्या काचेखाली पांढऱ्याशुभ्र. कचेरीतल्या साहेबांनी तुझ्यासमोर आमच्याच केंद्राचा डबा उघडून दाखवला म्हणे, "देखिए, कितनी साफ है." तू तिथून सरळ माझ्या ऑफिसात आलीस. घामेजलेली होतीस आणि खोकत होतीस.

"तुह्या आईनं ग्लास तं समोर ठेवला होता, मंदे," तू म्हणालीस. "मले दिसला, मी घासून कपांत नेऊन ठेवला. तुह्या कंपनीनं काय वेगळं ठेवलं ते मले दिसतच नाही. घासू काय?"

मी म्हटलं, तू उगाच कुठला कुठे संबंध जोडतेस. मी म्हटलं, या ड्रायरवर किती घरं चालतात ते बघ. मी बरंच म्हटलं. तू खुर्चीवर बसून खोकला थांबायची वाट पाहिलीस आणि मग म्हणालीस, "ठीक. वडी नाही तं माणूस जोडू."

तुझं म्हणणं सोपं होतं. कंपनी दरवर्षी गावात आरोग्य शिबिर घेते, डोळे तपासते, चष्मे वाटते. या वेळी फुंकायची मशीन आणा. प्रत्येक बाईनं त्यात फुंकायचं, तिचा दम किती आहे ते कागदावर येईल, तो कागद अर्जाला लागेल. तू हे माझ्याकडे मागितलंस, दुसऱ्या कुणाकडे नाही. आणि मी ते केलं. साहेबांना नीटसं न सांगता डॉक्टरांना मशीन आणायला सांगितलं. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

शाळेच्या वऱ्हांड्यात बायका रांगेनं बसल्या होत्या. फुंकायचं म्हणजे काय, हे कुणाला कळेना, म्हणून तू पहिली पुढे झालीस. नळी तोंडात धरून फुंकलंस आणि लगेच वाकून खोकायला लागलीस. सगळ्या हसल्या, तूही हसलीस. "चूल फुंकतेस तसं फुंक," असं तू प्रत्येकीला छत्तीसगढीत सांगत होतीस. संध्याकाळी डॉक्टरांनी मला एक कागद दिला. एका रकान्यात नावं, एका रकान्यात आकडे. आकडे मला कळत नव्हते, पण ज्यांचा दम कमी भरला त्यांच्या नावाभोवती त्यांनी लाल पेनानं गोल केले होते. बहुतेक नावांभोवती गोल होता. तुझ्या नावाभोवती दोन. "इन दीदी को जल्दी बड़े अस्पताल दिखा दीजिए," डॉक्टर म्हणाले. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो कागद मी साहेबांपुढे ठेवला. ते रागावले नाहीत, हे तुला सांगायला हवं. त्यांनी चहा मागवला. कागद वाचला, उलटा घातला आणि म्हणाले, "मंदा जी, ये पन्ना रहने दीजिए. आँखों वाला बहुत अच्छा है, फोटो भी अच्छी है." मग प्लँट वाढवायचं चाललंय, अशा वेळी एखादा कागद बाहेर गेला तर पहिलं केंद्र बंद होईल, बायकांचंच नुकसान होईल, वगैरे. सगळं खरं वाटावं असं. मी कागद घेऊन माझ्या कपाटात ठेवला. शिबिराचा वृत्तांत लिहिला, त्यात चष्मे लावलेल्या म्हाताऱ्यांचा फोटो टाकला.

चार दिवसांनी तुझा फोन आला. "त्या फुंकायच्या मशीनचं काय झालं वं?"

"अगं, मशीन खराब होती," मी म्हटलं. "सगळ्यांचेच आकडे चुकीचे आले. पुढच्या वर्षी चांगली मागवू."

तू आधी खोकलीस. मग म्हणालीस, "मीच तं म्हणलं, एवढा कमी कसा येईल." आणि हसलीस.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी बोलता आलं असतं. पुढच्या आठवड्यात, दिवाळीला, भाऊबीजेला तू माझ्याकडे जेवायला आलीस तेव्हा. तू जेवताना दोनदा उठून बाहेर जाऊन खोकून आलीस आणि मी तुला आल्याचा काढा करून दिला. मी मनाशी म्हणत होते, तिला कसलंसं निमित्त काढून डॉक्टरकडे नेऊ. निमित्त काढलंही. आमच्या कॉलनीतल्या दवाखान्यात तुला नेलं आणि डॉक्टरला खोकला एवढाच सांगितला. त्यानं औषधाची बाटली दिली. तू ती संपवलीस, दुसरी आणलीस. असे दोन हिवाळे गेले.

मोठ्या हॉस्पिटलात तू पोचलीस तेव्हा जिना चढू शकत नव्हतीस. फुफ्फुसं आतून कडक झाली आहेत, म्हणाले. कशामुळे, ते कुणी कागदावर लिहून दिलं नाही, आणि मी काही डॉक्टर नाही. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली, तू उशीला टेकून बसलेली, आणि एका तरुण डॉक्टरीणबाईनं फाईल चाळत विचारलं, "पहले कभी फूँकने वाली जाँच नहीं हुई थी?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तू तिच्याकडे बघितलं नाहीस, माझ्याकडे बघितलंस. आणि म्हणालीस, "हुई थी. मशीन खराब थी."

त्या दिवसापासून मी हाच विचार करते आहे. तुला कळलं होतं का? कळलं असेल तर तू मला वाचवलंस, की पकडलंस? तुझ्या आवाजात काही नव्हतं. तू मला संत्रं सोलायला सांगितलंस आणि दोन फोडी खाल्ल्यास. नंतर आपण अकरा दिवस एकमेकींसमोर होतो आणि मी त्याबद्दल एकदाही तोंड उघडलं नाही. तू बोलत होतीस, थांबून थांबून. मोसम जवळ आला, दुकालूसाठी पासची चिठ्ठी पुन्हा पाठवजो. गटाच्या कपाटाची चावी सरितापाशी हाये. भाचीच्या लग्नात डीजे नको. मी प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणत होते. मला आता वाटतं, तू जागा ठेवत होतीस. प्रत्येक वाक्यानंतर थांबत होतीस ती दम लागला म्हणून, हे खरंच, पण थोडी माझ्यासाठीही. कदाचित हे मीच मनाचं समाधान करून घेते आहे.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाला तुझ्या भावाचं घर भरून गेलं होतं. वंदना झाली. तुझ्या भाचीनं मला दोन शब्द बोलायला सांगितलं. "आंटी, आप बोलिए ना, आप तो बुआ की सबसे पुरानी दोस्त हो." मी बोलले. छान बोलले. कोहळ्याची गोष्ट सांगितली, लोक हसले, मग डोळे पुसले. दाराशी बिसाहिन बसली होती, पदर तोंडाशी धरून खोकत होती. मी बोलत होते आणि मला तो खोकला ऐकू येत होता. तिच्या नावाभोवती गोल आहे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

काल सकाळी मी कपाट उघडलं आणि तो कागद घेऊन डुमरपाऱ्यात गेले. ऑफिसला सांगितलं नाही. त्यांना कळेल, आज नाही तर उद्या. राजीनामा वगैरे दिलेला नाही, खोटं कशाला सांगू. बिसाहिनच्या घराच्या पडवीत सगळ्या जणी जमल्या होत्या, कुणी डाळ निवडत होतं. मी उभ्या उभ्या सांगितलं, की शिबिरातली मशीन खराब नव्हती. हा तिचा कागद. ज्यांच्या नावाभोवती लाल गोल आहे त्यांनी मोठ्या दवाखान्यात दाखवायला हवं, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

आधी कुणाला समजलंच नाही. मग सरिता उठली. तीच सरिता, जिला तू हिशेब शिकवलास, जी कुणापुढे मान वर करायची नाही. ती ओरडली, "अब काहे बता रहे हो, मैडम? सीजन सामने है. कल गेट पास बंद हो गया तो आप खिलाओगे?" केंद्र भिंतीच्या आत आहे, दार त्यांच्या हातात आहे, तू म्हणाली होतीस तसंच. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की माझं ओझं उतरेल. उतरलं नाही. त्या सगळ्यांवर पडलं फक्त.

सरिताला बिसाहिननं खाली बसवलं. मग मला विचारलं, "मोर नाव म का हे?" माझ्या नावापाशी काय आहे, असं.

"गोल है," मी म्हटलं.

"गोल माने बने के खराब?"

बने म्हणजे चांगलं. आजवर गावात मला कुणी काहीही विचारलं की मी आधी मनात वाक्य फिरवून घेत असे. काल फिरवायला काही नव्हतं. "खराब," मी म्हटलं.

ती मान हलवत राहिली. डाळीचं सूप तिच्या मांडीवर तसंच होतं. मग म्हणाली, "अउ दीदी के?"

"दो गोल."

"ओला बताय रेहेव?" तुला सांगितलं होतं का, असं ती विचारत होती. सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. सरिताही.

साहेबांचं नाव घेता आलं असतं. तू स्वतःच समजून होतीस असंही म्हणता आलं असतं, ते खोडायला तू नाहीस. मी नाही म्हणाले. बिसाहिन उठली, माझ्या हातातून कागद घेतला, घडी करून पदराच्या गाठीत बांधला आणि दाराकडे हात केला. मी चपला घालून गाडीपर्यंत चालत आले, आणि कुणी माझ्या मागे आलं नाही.

मशीन चांगली होती, शोभा. हे तुला सांगायला माझ्याकडे दोन हिवाळे होते.

मंदा